आमच्या घराला पत्ता आहे

मनामा, बहरीन
रविवार, ४ मार्च १९७९

ती. महादेवदादास,
शिवदासचा नमस्कार.

हे माझं सहावं पत्र. आधीची पाच परत आली नाहीत, त्याअर्थी ती पोहोचली. उत्तर द्यायचं नाही असं तू ठरवलं असशील तर तो तुझा प्रश्न. मी लिहिणं थांबवणार नाही.

आज कारण वेगळं आहे. आमच्या लाँड्रीत माझं काम खुणेचं, हे मी दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं. जुफेरला अमेरिकन नौदलाचा तळ आहे, तिथले खलाशी गाठोडी आणून टाकतात. शर्टाच्या कॉलरच्या आत आणि पँटच्या कमरपट्टीच्या आत मी त्यांची नावं लिहितो. शाई खास असते, उकळत्या पाण्यातही जात नाही. एक अक्षर चुकलं तर एकाची पँट दुसऱ्याला जाते. दीड वर्षात माझ्याकडून एकही गेलेली नाही. आमचा अरबाब, म्हणजे मालक नजीब, नव्या माणसांना माझं टेबल दाखवतो.

गेल्या मंगळवारी एका गाठोड्यात फिकट निळा बनियन आला. छातीवर काळा पँथर, पंजे पुढे, अंग झेपेसाठी दबलेलं. धुऊन धुऊन विटलेला. इस्त्रीवाला वली बलुची आहे. तो म्हणाला, "ये किसकी बिल्ली है?" दादा, मी तो ओळखला. वरळीला चाळींच्या भिंतींवर आपण तोच चिकटवत होतो. खळीची बादली माझ्या हातात असायची आणि तू कागद उलटा धरलास की मी सांगायचो.

गुरुवारी बनियनचा मालक आला. नाव कर्टिस. अमेरिकेतला काळा माणूस, उंच, वय वीस. मी गठ्ठा देताना म्हणालो, "माय ब्रदर, पँथर. बॉम्बे." तो हसला. म्हणाला, "बॉम्बेत जंगल आहे?"

"नाही," मी म्हणालो. "मिल आहेत."

मग मी पावतीच्या मागे लिहून दाखवलं: १९७२, मुंबई, दलित पँथर. दलित म्हणजे काय, त्यानं विचारलं. मला इंग्रजी शब्द येईना. टेबलावर एक कॉलर पडली होती, ती मी अंगठ्यानं दाबून धरली. तो हसायचा थांबला. म्हणाला, परत येतो, आपल्याला बोलायला हवं.

खोलीवर मी हे सांगितलं नाही. खोलीवर आम्ही चौदा जण, सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले. तुकारामबुवा म्हणून सुतार आहेत, वयानं मोठे, तेच सगळं बघतात. स्वयंपाकाच्या पाळ्या असतात. शुक्रवारी सुट्टी, त्या सकाळची पाळी माझी. माझे घावणे सगळ्यांना आवडतात. सगळं ठीक आहे.

आईला सांग, मी बरा आहे.

शिवदास


मनामा
शुक्रवार, १ जून १९७९

ती. दादास,
शिवदासचा नमस्कार.

कर्टिस आता दर गुरुवारी कपडे घ्यायला येतो आणि अर्धा तास बसतो. त्याचं जहाज पांढऱ्या रंगाचं आहे, उन्हासाठी. तो सांगतो ते मी वहीत उतरवतो. तुला अर्धं माहीत असेल, पण तू ते पुस्तकातून वाचलेलं. मी ते ज्यानं खाल्लं त्याच्याकडून ऐकतोय. खाल्लं का म्हणतो ते खाली कळेल.

ओकलंड नावाचं बंदराचं शहर. १९६६ साली तिथल्या कॉलेजातल्या दोघा काळ्या मुलांनी पँथर पक्ष काढला आणि दहा मागण्या लिहिल्या. जमीन, भाकरी, घर, शिक्षण, कपडे, न्याय आणि शांतता हे शेवटच्या मागणीत आहे. कर्टिसला ती शाळेतल्या कवितेसारखी पाठ आहे. पोलीस काळ्यांना रस्त्यात अडवून मारायचे. म्हणून हे लोक पोलिसांच्या गाडीमागून आपली गाडी न्यायचे. पोलीस कुणाला धरायला उतरले की हेही उतरायचे आणि कायद्यानं सांगितलं तेवढ्या अंतरावर उभे राहायचे. एका हातात बंदूक, एका हातात कायद्याचं पुस्तक. त्या राज्यात तेव्हा उघडी बंदूक बाळगायला परवानगी होती. त्यांनी ती बाळगली तेव्हा सरकारनं कायदाच बदलला.

मी म्हणालो, आमच्याकडे बंदुका नव्हत्या. तो म्हणाला, "मग काय होतं?" मी म्हणालो, खळीची बादली. त्यानं ते गमतीत घेतलं नाही.

पुढे शिकागोत एकवीस वर्षांच्या एका पुढाऱ्याला पोलिसांनी बिछान्यातच गोळ्या घातल्या. मग त्यांच्यात फूट पडली, आपल्यात पडली तशीच. कोण खरा, कोण विकला गेला, कोण कुणाच्या बाजूचा. हे ऐकताना मला आपली खोली आठवली. तू भिंतीकडे तोंड करून म्हणाला होतास, पँथर संपली.

पण दादा, कर्टिसला बंदुका आठवत नाहीत. तो दहा वर्षांचा होता, १९६९ साली. ओकलंडच्याच एका चर्चच्या तळघरात पँथर लोक शाळेआधी मुलांना फुकट न्याहारी द्यायचे. अंडी आणि ग्रिट्स. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची पेज. त्याची मावशी तिथे रांधायची. म्हणाला, "फोटो बंदुकीचे निघाले. मला विचारशील तर पँथर म्हणजे माझ्यासमोर ठेवलेली गरम ताटली." बनियनही मावशीचाच. तो नौदलात गेला म्हणून ती त्याच्याशी धड बोलत नाही. पण निघताना हा बनियन पिशवीत टाकला तिनंच.

ओकलंडमध्ये त्यांची एक शाळा अजून चालू आहे. संपली म्हणतोस ना, तर ती शाळा चालू आहे.

शिवदास


मनामा
रविवार, ५ ऑगस्ट १९७९

ती. दादास,
शिवदासचा नमस्कार.

हे पत्र नीट वाच, दोनदा वाच. आमच्या खोलीतला गुरुप्रसाद गणपतीला सुट्टीवर येतोय. ड्रायव्हर आहे, लांज्याकडचा. चांगला आहे, फक्त बडबड्या. इथली रीत अशी की जो जाईल तो सगळ्यांची पार्सलं घेऊन जातो. माझंही त्याच्याकडे दिलं आहे. आत आईसाठी एक गरम शाल, दुधाच्या पावडरचा मोठा डबा, एक टॉर्च, आणि तुझ्यासाठी लहान ट्रान्झिस्टर. तुझ्या उजव्या कानाला धरता येईल एवढाच घेतला. डावा काही सुधारला का?

गुरुप्रसाद सोमवारी, २० तारखेला, सकाळी अकरा वाजता खेडच्या एसटी स्टँडवर उतरेल. चौकशीच्या खिडकीजवळ थांबेल. अंगात चौकटीचा शर्ट. तू तिथे ये आणि पार्सल घे. त्याला घरापर्यंत आणू नकोस. पावसात आपली वाट चिखलाची असते, त्याला उगाच त्रास. शिवाय त्याची पुढची गाडी आहे.

मी त्यालाही तेच सांगितलंय. कागदावर लिहूनही दिलंय.

दादा, कृपा करून ये.

शिवदास


मनामा
रविवार, २३ सप्टेंबर १९७९

दादा,

तू आला नाहीस.

गुरुप्रसाद पंचवीस मिनिटं थांबला. मग त्यानं, भला माणूस असल्यानं, दुसरी गाडी पकडली आणि थेट आपल्या गावी, कोंडशेतला गेला. माझ्या नावापुढे जाधव आहे म्हणून त्यानं जाधववाडी विचारली. तिथे ओट्यावर बसलेल्यांनी सांगितलं, आमच्यात शिवदास नाही. बहरीनचा ना? लाँड्रीतला? तो खालच्या अंगाचा, बौद्धवाडीतला. ओढा ओलांडून जा.

तो ओढा ओलांडून गेला. हे सगळं त्यानं मला परवा सांगितलं. आईनं चहा केला, तो म्हणाला माझा उपास आहे. तू ओटीवर बसला होतास. तू पार्सल उघडलं नाहीस, त्याच्याच हातात परत दिलंस आणि म्हणालास, "त्याला सांग, आमच्या घराला पत्ता आहे. स्टँड नाही."

हे वाक्य तू कधीपासून तयार ठेवलं होतंस?

आणि आई. आईला काय कळतं. ती आतून माझी ताटली घेऊन आली. स्टीलची, सातवीत पहिला आलो तेव्हा मिळालेली. "त्याची ताटली राहिली हाय, विसरून गेला," म्हणाली. दादा, ती मी विसरलो नव्हतो. तांदळाच्या पिंपामागे मी ती माझ्या हातानं ठेवली होती.

गुरुप्रसाद खोलीवर परत आला तेव्हा सगळे जेवायला बसत होते. त्यानं प्रत्येकाच्या घरून आलेलं वाटलं. लोणचं, कोकम, कुणाचं पत्र. मग माझी ताटली काढून पंगतीत ठेवली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मी पाहत होतो. शेजारच्यानं उचलून मोठ्यानं वाचली, जसं आपण कुणाच्याही भांड्यावरचं नाव वाचतो तसं. "कु. शिवदास जाधव, सातवीत प्रथम, बौद्धजन मंडळ, बौद्धवाडी, कोंडशेत." शेवटाला त्याचा आवाज खाली गेला. वाढप्याचा हात थांबला नाही, पण वरण ताटाबाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी तुकारामबुवांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी मऊ.

"शिवा, तुझ्यावर कामाचा भार होतो रे. शुक्रवारची पाळी तुझी बंद. तू आपला जेवायला बस."

"मला भार नाही होत, बुवा."

"अरे, आम्ही सांगतोय ना. आणि ताटली तुझी तू वेगळी घासत जा. मोरीत एकत्र नको. पिंपातलं पाणी लागलं तर कुणालाही हाक मार, काढून देतील."

"दोन वर्षं मी..."

"दोन वर्षांचं आम्ही काही काढलं का? नाही ना काढलं? मग." मग त्यांनी माझ्या खांद्याला लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "ऑक्टोबरची यादी तूच लिही हां. तुझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही. फक्त एक नाव कमी."

पाळ्यांची यादी दर महिन्याला मीच लिहितो, मोरीच्या दाराशी लावतो. दादा, मी ती लिहिली. पट्टीनं रेघा आखल्या, तेरा नावं लिहिली, एकही खाडाखोड नाही. सुंदर झाली आहे. तू पाहायला हवी होतीस.

तू अकरा वाजता स्टँडवर आला असतास तर हे झालं नसतं. एक तासाचं काम होतं. तू काही मागितलं नाहीस, मी काही मागितलं नाही, एवढं एकच मागितलं.

शिवदास


मनामा
मंगळवार, २ ऑक्टोबर १९७९

दादास,
जय भीम.

मागचं पत्र रागानं लिहिलं. ते फाडून टाक म्हणणार नाही. राग खरा होता.

पण त्यात एक लपवलं. पूर्वीच्या पत्रांतही लपवलं. वर मी नमस्कार लिहायचो ते का, हे तुला कळलं असेलच. टपाल बुवा पेटीत टाकतात, आणि पातळ कागदाच्या पत्रात बाहेरून अक्षरं दिसतात. म्हणून पत्त्यातही मी वाडी लिहीत नव्हतो. पोस्टमन ओळखतो, असं स्वतःला सांगायचो.

आलो त्या दिवशी बुवांनी विचारलं होतं, "कुठचे जाधव?" मी म्हणालो, कोंडशेतचे. "म्हणजे जाधववाडीतले?" मी तुला दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की मी काही बोललो नाही, त्यांनीच समज करून घेतला. तसं नाही. मी हो म्हणालो. मोठ्यानं, आणि लगेच.

आणि ते पहिल्यांदा नव्हतं. जानेवारी १९७४. वरळीला लाठीमार झाला तेव्हा तू जिन्याखाली पडला होतास, कानातून रक्त येत होतं. हवालदारानं माझी बादली पाहिली आणि विचारलं, "तू यांच्यातला काय रे?" मी म्हणालो, नाही, मी पलीकडच्या चाळीतला. तू ऐकलंस का, हे मला आजवर माहीत नाही. तुझ्या डाव्या कानानं ते ऐकलं असेल तर तेवढंच त्यानं शेवटचं ऐकलं.

आता पुढचं. गुरुवारी कर्टिस आला. माझं तोंड पाहून त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. यादी, ताटली, पाणी. वलीही ऐकत होता. वली म्हणाला, "छोड, हमारे साथ खा लिया कर." त्यानं मनापासून म्हटलं. पण कर्टिसनं मान हलवली. म्हणाला, कुठेतरी जेवायला मिळणं हा प्रश्नच नाही, हो ना? प्रश्न हा की तुझ्या हातचं का नको.

मग त्यानं न्याहारीचं उरलेलं सांगितलं, जे आधी सांगितलं नव्हतं. मुलं खूप येऊ लागली, शहराशहरांतून हजारो, तेव्हा पोलिसांची माणसं घरोघर जाऊन सांगायला लागली की त्या अन्नात रोग आहे, मुलांना पाठवू नका. एका सोमवारी तळघरात चाळीस ताटल्या मांडलेल्या आणि मुलं सहा. दारात आया उभ्या, आत येत नव्हत्या. त्याच्या मावशीनं स्वतःची ताटली भरली, खुर्ची दाराच्या समोर ओढली आणि सगळ्यांच्या देखत बसून खाल्लं. सावकाश, शेवटच्या कणीपर्यंत. कुणाला या म्हणाली नाही. मंगळवारी मुलं एकोणीस आली. पुढच्या सोमवारी ताटल्या कमी पडल्या.

मी विचारलं, मंगळवारी कुणीच आलं नसतं तर? तो म्हणाला, "तर तिनं मंगळवारी पुन्हा खुर्ची ओढली असती. तू माझ्या मावशीला ओळखत नाहीस."

दादा, स्टँड म्हणजे काय ते मला कळलं. तू एक तास वाचवत नव्हतास, घर लपवायला नकार देत होतास.

लाँड्रीतली शाईची एक बाटली मी अरबाबला विचारून खोलीवर आणली आहे.

शिवदास


मनामा
शुक्रवार, ५ ऑक्टोबर १९७९

दादास,
जय भीम.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. मांडीवर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. समजून घे.

काल संध्याकाळी कामावरून आल्यावर मी मोरीच्या दाराशी लावलेली यादी काढली आणि नवी लावली. चौदा नावं. शुक्रवार सकाळच्या घरात माझं, पूर्वी होतं तिथेच. बाकीची नावं साध्या शाईनं, माझं खुणेच्या शाईनं. तेवढ्यात बुवा मोरीतून बाहेर आले.

"शिवा, हे काय?"

"ऑक्टोबरची यादी."

"एक नाव कमी म्हणालो होतो मी."

"तुम्ही म्हणाला होतात. मी मोजली, चौदा जण आहोत."

त्यांनी अंगठा ओला केला आणि माझ्या नावावरून फिरवला. मग जोरानं फिरवला. अंगठा काळा झाला नाही, नाव तसंच राहिलं.

"जात नाही, बुवा," मी म्हणालो. "उकळलं तरी जात नाही. फाडावीच लागेल. मग मी परत लिहीन."

ते म्हणाले, "उद्या बघू कोण खातो ते."

आज पाचला उठलो. तांदळाचं पीठ कालच भिजवलं होतं. काळ्या वाटाण्याची उसळ केली, खोबऱ्याची चटणी केली. चौदा ताटं मांडली, माझी ताटली पहिली, नाव वर येईल अशी. पिंपातलं पाणी मी माझ्या हातानं तांब्यात काढलं आणि मधोमध ठेवलं. सगळे उठून खाटांवर बसले होते. कुणी दात घासत होतं, कुणी उगाच पेटी उघडत होतं. मी कुणाला या म्हणालो नाही. बसलो आणि खायला लागलो.

दादा, तुला खोटं सांगणार नाही. दुसऱ्या घावण्यापर्यंत मला माझं चावणंच ऐकू येत होतं.

मग गुरुप्रसाद उठला आणि माझ्या शेजारच्या ताटावर बसला. बडबड्या तो, त्याला गप्प बसवत नव्हतं. "तुमच्या आईनं चहा दिला होता," म्हणाला. "मी उपास सांगितला. कसला उपास, मंडणगडला मिसळ खाऊन आलो होतो मी." मग ताट पुढे केलं. "वाढ रे. चटणी जास्त."

मंडणगड त्या वाटेवर येतच नाही, पण मी त्याला चटणी वाढली.

त्याच्यामागून दोघं आले, मग आणखी तिघं. बुवा बाहेरच्या दाराशी चपला घालत होते. म्हणाले, "आजपासून माझी चूल वेगळी. ज्यांना यायचंय त्यांनी या." तीन जण गेले. त्यांतला एक दारात मागे वळला आणि घावण्यांकडे पाहून गेला. तिघं आलेही नाहीत, गेलेही नाहीत, खाटेवर बसून कोरा चहा पीत राहिले. त्यांची ताटं मी झाकून ठेवली. आंघोळीला जाऊन आलो तर दोन ताटं घासून पालथी घातलेली होती. कुणी ते मी विचारलं नाही.

म्हणजे मी धरून सात पंगतीला, दोघं झाकून. चौदातले नऊ. पुढच्या शुक्रवारी कदाचित सातच असतील. पाळी माझीच आहे.

ताटली मी इतरांच्या ताटांबरोबर मोरीत टाकली. गुरुप्रसादनं घासली. नीट घासत नाही तो, कोरलेल्या अक्षरांत खरकटं राहतं. मी परत घासली.

हे पत्र बुवांकडे देणार नाही. पोस्टात मी जातो. पत्ता यावेळी पूर्ण लिहिला आहे.

शिवदास


मनामा
रविवार, १० फेब्रुवारी १९८०

दादास,
जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. अडीच वर्षांत पहिलं. वर नाव नाही, खाली सही नाही, एकच ओळ: "त्या ओकलंडच्या शाळेत मुलं किती?" तीन दिवस मी ते कार्ड खिशात घेऊन फिरलो. शर्ट धुवायला टाकताना काढून ठेवायचो.

उत्तर लगेच देता आलं नाही, कारण मला नक्की माहीत नव्हतं आणि अंदाजानं लिहायचं नव्हतं. इराणकडच्या गडबडीमुळे कर्टिसचं जहाज नोव्हेंबरपासून बाहेरच होतं. गेल्या आठवड्यात दोन दिवसांसाठी आलं. त्यानं मावशीला विचारून ठेवलं होतं. ती आता त्याच्या पत्राला उत्तर देते. मुलं सुमारे दीडशे. दुपारचं जेवणही शाळेतच. ती आठवड्यातून दोनदा रांधायला जाते. तिनं उलट विचारलंय, मुंबईत किती? मी काय सांगू? तू वाडीतल्या विहारात संध्याकाळी मुलांना शिकवायचास, ते बंद केलंस असं आईनं कुणाकडून तरी लिहवलं होतं. तू सुरू केलंस तर आकडा कळव. पाच असली तरी चालतील.

इथलं. बुवांची चूल वेगळीच आहे, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. चार जणांची तीन झाली. माझ्याशी ते बोलत नाहीत. पण त्यांच्या चुलीच्या पाळ्यांची यादी कुणी तरी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिली आहे, आणि परवा ते त्या यादीसमोर उभे राहून माझ्या यादीकडे बघत होते. मी लिहून देणार नाही. मागितली तर कदाचित देईन, पण चौदा नावांची.

आईला एक विचार. ताटलीवर मी मनामाच्या बाजारात आणखी एक ओळ कोरून घेतली आहे, चालेल ना? भांड्यांच्या दुकानातला माणूस मराठी नाही. मी कागदावर लिहून दिलं, त्यानं चित्र काढावं तसं काढलं. एक वेलांटी वाकडी आली, मला ती रोज दिसते, असू दे. खाली लिहिलंय, बहरीन, १९७९.

माझी सुट्टी मंजूर झाली. शुक्रवार, २ मे रोजी निघेन, रविवारपर्यंत घरी. शाल, डबा, टॉर्च आणि ट्रान्झिस्टर परत आणतो. ट्रान्झिस्टरची बॅटरी बदलली आहे. कर्टिसनं त्याचा निळा बनियन तुझ्यासाठी दिला. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, मावशीचा हुकूम आहे. गळ्याच्या आत त्याचं नाव आहे, त्याच्याखाली मी तुझं लिहिलं. त्याच शाईनं. तो तुला सैल होईल.

आता शेवटचं, आणि हे एकदाच वाचलंस तरी पुरे. स्टँडवर येऊ नकोस. मी जाधववाडीवरून येईन, भर सकाळी, ओट्यावर सगळे बसलेले असतात तेव्हा. पेटी डोक्यावर असेल. वाट मला पाठ आहे, तरी प्रत्येक दाराशी थांबेन आणि विचारेन, बौद्धवाडीला कुठून जायचं. मी तिथला आहे.

शिवदास